दारावरचं वाळूक

नाल्यापलीकडच्या तांड्यातल्या म्हातारीचं वाळूक एका वर्षी कडू निघालं. ते माझ्यामुळे निघालं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या बियाण्याच्या खोलीत येणाऱ्या बायकांना नाही, आणि जिचं वाळूक होतं तिला तर नाहीच. आता लिहायला बसलो ते धीर आला म्हणून नाही. गप्प बसायचा कंटाळा आला आहे.

आमचं गाव आर्णीपासून थोडं आत. कपाशी, तूर, सोयाबीन, जे सगळ्यांचं तेच आमचं. पण कपाशीच्या ओळींत आमच्याकडे अजूनही काकडीसारख्या वाळकाचे आणि बरबटीचे म्हणजे चवळीचे दाणे टाकतात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर अंबाडी असते. बायकांच्या बचत गटाने ठरवलं की हे घरचं बी एका जागी जमवायचं, नाहीतर एक म्हातारी गेली की तिच्यासोबत एक बी जातं. खोली आमची होती, रस्त्याकडची, रिकामी. बायको गटात होती. आणि माझं अक्षर चांगलं होतं. लग्नपत्रिकांवर नावं घालायला लोक मला बोलावत. म्हणून बरण्यांवर नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं. पुढे हळूहळू वाळवणं, राख मिसळणं, झाकणं घट्ट करणं, मागायला येईल त्याला मोजून देणं, सगळंच माझ्याकडे आलं.

त्या म्हातारीला सगळे याडी म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. आम्ही गावातलेही तेच म्हणायचो. तिचा हात चांगला म्हणून नाव होतं. पेरणीच्या दिवशी तांड्यातले लोक तिला शेतावर न्यायचे, पहिली मूठ तिने सोडायची, मग बाकीच्यांनी हात घालायचा. आमच्या गावातलेही दोनचार जण बोलवायचे. त्यासाठी ती काही घेत नसे. चहा घ्यायची, तोही गूळ कमी आहे असं म्हणत.

ती बरणीत बी ठेवत नसे. पिकलेल्या वाळकाचं बी ताज्या शेणात कालवून भिंतीवर थापायची. वाळलं की ती थापटी दगडासारखी होते, किडा लागत नाही, उंदीर तोंड लावत नाही. पेरायच्या वेळी काढायची, फोडायची. तिच्या भिंतीवर कुठेही काही लिहिलेलं नव्हतं. दारावर गोड वाळूक, जे पिवळं पडलं तरी शेवटपर्यंत गोड राहतं. खिडकीजवळ काकडी. आणि गोठ्याच्या बाजूला कडू वाळूक, ढोरांच्या औषधासाठी. जागा हेच नाव. तिच्या आईच्या घरीही गोड दारावरच असायचं, असं ती म्हणायची.

मग तिला घरकुल मंजूर झालं. पक्कं घर येणार म्हणजे मातीची भिंत पाडावी लागणार. मी तिकडे गेलो तेव्हा तिच्या पोराने दाराची चौकट आधीच उचकटली होती आणि ती भिंतीसमोर खुरपं घेऊन उभी होती.

"बापू, हे तू ने," ती म्हणाली. "सिमेटच्या भिंतीले शेण धरत नाही म्हनतेत. माह्या सुनंनं तं आतापासूनच सांगून ठेवलं, रंग देल्यावर भिंतीले हात नाही लावाचा."

सून तिथेच विटा मोजत होती. ती म्हणाली, "मंग काय, नव्या घरात शेन थापता का? पावने येतीन तं काय म्हनतीन?"

"म्हनतीन, गोड वाळूक खाल्लं," म्हातारी म्हणाली.

तिने एकेक थापटी खुरप्याने अलगद सोडवली. दारावरच्या थापट्या घमेल्यात ठेवल्या, खिडकीजवळच्या थापट्या माझ्या पिशवीत, गोठ्याकडच्या थापट्या एका फुटक्या टोपलीत. प्रत्येक वेळी मला दाखवलं. "हे दारावरचं. हे गाईकडचं. हे दोन जवळ ठेवू नको, दाने सारखेच दिसतेत. मलेबी नाही वयखू येत." मी म्हटलं, काळजी करू नको याडी, माझ्याकडे सगळं लिहून असतं. ती म्हणाली, "तूहं लिहिनं मले काय समजते. तू ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. घमेलं, पिशवी, टोपली, तीन कोपऱ्यांत तीन. कित्येक आठवडे तसंच होतं आणि तसंच राहिलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

उन्हाळ्यात निरोप आला की बियाण्याची खोली पाहायला साहेब लोक येणार आहेत. बायकांची धावपळ सुरू झाली. कोणी रांगोळी, कोणी खोलीला चुना. मी बरण्या पुसायला घेतल्या. सगळ्या काचेच्या, सारख्या उंचीच्या, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या, आणि कोपऱ्यात एक घमेलं शेण. मला ते बरं दिसेना.

बायको म्हणाली, "राहू द्या ना तसंच. तिचं हाय, ती नेईन तवा नेईन."

"सायबाले शेण दाखवू काय?" मी म्हटलं.

"शेणच तं हाय. त्याईनं पाह्यलं नसन काय?"

मी ऐकलं नाही. दुपारी ती गटाच्या बायकांबरोबर बाहेर गेली आणि मी थापट्या फोडल्या. तीन परातींत वेगवेगळ्या भिजवल्या, शेण धुवून काढलं, बी निवडलं. एवढं सगळं मी नीट केलं. त्यात चूक नव्हती. ओट्यावर धोतर अंथरलं, त्यावर तीन ढीग पसरले, आणि प्रत्येक ढिगापाशी कागदाची चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर वजन म्हणून काय ठेवलं? बोटाच्या पेराएवढा खडा. पाणी प्यायला आत गेलो, तेवढ्यात फोन आला, साहेबांच्या गाडीला रस्ता कुठून सोपा हे विचारायला. मी बोलत राहिलो. बाहेर वावटळ आली. उन्हाळ्यात आमच्याकडे ती रोजच येते, तिचं कोणाला काही वाटत नाही.

मी बाहेर आलो तेव्हा ढीग जागच्या जागी होते. ओलं बी जड असतं, ते धोतराला चिकटून बसलं होतं. चिठ्ठ्या मात्र तिन्ही गेल्या होत्या. एक नालीत सापडली, एक तुराट्यांच्या गंजीत, तिसरी सापडलीच नाही.

काकडीचं बी बारीक, ते मी ओळखलं. राहिले दोन ढीग. उजवा आणि डावा. मी घमेल्यातलं कोणत्या परातीत घातलं, कोणती परात आधी उचलली, हे आठवायचा प्रयत्न केला. आठवतं असं वाटायचं आणि लगेच उलटंही आठवायचं. मी दोन्हीकडचा एकेक दाणा फोडून चावून पाहिला. दोन्ही सारखेच लागले, थोडे तुरट. तांडा नाल्यापलीकडे होता, चालत जाण्यासारखा. जाऊन सांगायचं होतं की याडी, माझ्याकडून नावं गेली, दोन्ही बी वेगवेगळ्या ठिकाणी लाव, भादव्यात कळेल. दोन वाफे आणि एक पावसाळा, एवढीच या चुकीची भरपाई होती. तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि चहा पाजला असता.

मी गेलो नाही. साहेब येणार होते. मी उजवा ढीग एका बरणीत भरला आणि त्यावर लिहिलं, "याडीचं गोड वाळूक, दारावरचं". डाव्यावर लिहिलं, "कडू वाळूक, ढोरांसाठी". अक्षर नेहमीपेक्षा जास्त चांगलं आलं होतं. त्याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

साहेबांना खोली आवडली. त्यांच्यातल्या एका बाईंनी ती बरणी हातात घेतली, चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, किती सुंदर, नावासकट जपलंय. फोटो निघाला. फोटोत मी बरणीच्या मागे उभा आहे. तो फोटो बराच काळ आमच्या खोलीत होता, मग मी तो भिंतीला चुना देण्याच्या निमित्ताने उतरवला.

पावसाच्या तोंडावर म्हातारी आली. घर उभं राहिलं होतं, पत्रे टाकायचे राहिले होते. तिने बरणीकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"हे दारावरचंच ना बापू?"

मी हो म्हटलं. त्यात विचार करायला लागणारा वेळही मी घेतला नाही.

तिने बी ओच्यात घेतलं. काही स्वतःच्या कपाशीत टाकायला नेलं, आणि नेहमीप्रमाणे तांड्यातल्या बायकांना चिमूट चिमूट वाटलं. तिचं वाळूक सगळ्यांना हवं असायचं. त्या वर्षी ज्यांनी ज्यांनी पहिली मूठ तिच्या हाताने सोडवून घेतली, त्यांच्या शेतात वाळकाचं बीही तिनेच सोडलं.

भादव्यात वाळकं पिवळी पडली. एकाच्या शेतात नाही, सगळ्यांच्या शेतात कडूजहर निघाली. निंदायला गेलेल्या बायका धुऱ्यावर बसून तुकडा तोंडात घालायच्या आणि थुंकायच्या. पहिले काही दिवस हसण्यावारी गेलं.

"याडी, वाळूक हाय का कडुलिंब?"

"तुमच्या तोंडालेच चव नाही," म्हातारी म्हणायची. मग तिने स्वतः खाल्लं.

आमच्याकडे लोक मानतात की वाळूक लावणाऱ्याच्या हातासारखं निघतं. कडू निघालं की हात पाहतात. कोणीतरी गमतीत म्हणालं, सिमेटचं घर आलं अन् म्हातारीचा हात कडू झाला. गंमत होती, पण ती तांड्यात राहिली नाही, गावात आली, चक्कीवर आली, आणि ऐकत ऐकत ती गंमत राहिली नाही. पुढच्या वर्षी पेरणीला तिला कोणी बोलावलं नाही. कोणी ठरवून नाही. एकाने नेलं नाही म्हणून दुसऱ्याने नेलं नाही. कपाशी तशी तिच्या हाताशिवायही उगवली.

तिच्या स्वतःच्या शेतातही सुनेने मूठ सोडली. हे मला सुनेनेच सांगितलं, सोसायटीच्या दुकानात. "म्या म्हटलं, तुमीच सोडा. तं म्हने, नको, तूच सोड, माह्या हाताचं काही खरं नाही. धुऱ्यावर बसून राह्यली दिवसभर."

त्यानंतर केव्हातरी मी तिच्या नव्या घरी गेलो होतो. गुलाबी रंगाची भिंत होती. दारावर काहीच नव्हतं, एक कॅलेंडर होतं.

"भिंत गेली अन् माहा हात गेला, बापू," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. गाय आटली असं सांगावं तसं म्हणाली.

मी काय म्हटलं ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो. मी म्हटलं, "होते असं, याडी. बी जुनं झालं असन."

"बी जुनं झालं तं उगवत नाही. कडू काहून होईन?"

मी चहा संपवला आणि निघालो.

त्या दिवसापासून मी फार शिस्तीचा माणूस झालो. आता पुसदकडून, उमरखेडकडून लोक खोली पाहायला येतात आणि मी त्यांना समजावून सांगतो. चिठ्ठी झाकणाला लावू नका, झाकणं बदलतात. बरणीला लावा, आणि तशीच दुसरी चिठ्ठी आत बियाण्यात ठेवा. शाईने लिहू नका, शाई ओलीने पसरते, उन्हाने उडते. शिसपेन्सिलने लिहा, ती राहते. कोणाचं बी, कुठल्या शेतातलं, कोणत्या सालचं, हे तिन्ही लिहा. बी सावलीत वाळवा. ज्याचं बी त्याचंच एक वाळलेलं फळ किंवा शेंग बरणीच्या गळ्याला बांधा, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळेल. आणि काही झालं तरी एका वेळी एकच बरणी उघडा. ती बंद होईपर्यंत दुसरीला हात लावू नका, फोन वाजला तरी. इथे लोक हसतात. मीही थोडा हसतो. बायको म्हणते, "एवढा नेम देवाचा नाही केला तुमी." तिला वाटतं, वयामुळे झालं.

आणि ती दुसरी बरणी, "कडू वाळूक, ढोरांसाठी", मागच्या फळीवर तशीच होती. कडू म्हणून तिला कोणी हात लावला नाही. दरवर्षी आवराआवर करताना ती माझ्या हातात यायची. मला माहीत होतं तिच्यात काय आहे. म्हातारीचं कडू निघालं त्या दिवसापासून माहीत होतं. दरवर्षी मी ती पुसून जागेवर ठेवत असे. लावायचं तर काढून लावायला लागेल, लावलं तर गोड निघेल, निघालं तर सांगावं लागेल. एवढा सरळ हिशोब होता आणि मी त्याला बगल देत राहिलो.

मागच्या उन्हाळ्यात त्यातले थोडे दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहिले. निम्मेही फुटले नाहीत. अजून एखाद-दोन वर्षं तशीच ठेवली असती तर बरणीत नुसती टरफलं राहिली असती. तेव्हा माझ्या मनात एक घाण विचार येऊन गेला. हे मेलं की सांगण्यासारखं काही उरणारच नाही, असा. तो आला म्हणूनच बहुतेक मी त्या वर्षी बी लावलं.

विहिरीच्या पलीकडे, आसपास दुसरं कोणाचं वाळूक नसेल अशा जागी लावलं. बायकोने बरणी पाहिली.

"कडू वाळूक कायले लावून राह्यले?"

"ढोरांच्या कामात येते."

"ढोरं कुठी राह्यली आता, एक गाय हाय."

"तिच्या कामात येईन," मी म्हटलं.

भादव्यात पहिलं पिवळं झालं. मी ते तिथेच फोडलं. गोड होतं. बुडापासून देठापर्यंत गोड, देठाजवळ सगळीच वाळकं थोडी कडवट असतात, तसंही नाही. मी ते सगळं खाल्लं. आनंद वगैरे झाला नाही. फार दिवसांचं दुखणं काय आहे ते डॉक्टरने सांगितल्यावर जसं होतं, तसं झालं.

त्यातलं चांगलं एक घेऊन मी तांड्यात गेलो. जाताना नाल्याच्या पुलावर सगळं मनात जुळवलं होतं. आधी खाऊ देईन, मग सांगेन. म्हातारी दारात बसली होती. आता तिला नीट दिसत नाही, आवाजावरून ओळखते. मी वाळूक तिच्या हातात दिलं. तिने वास घेतला, नखाने साल खरवडली, सुनेला विळी आणायला सांगितलं. एक फाक तोंडात घातली आणि चावायची थांबली.

सून म्हणाली, "कडू हाय काय?"

म्हातारीने नाही अशी मान हलवली. सगळी फाक खाल्ली. मग म्हणाली, "माह्या दारावरचं असंच होतं." उरलेलं वाळूक चाचपत म्हणाली, "कुठचं हाय रे बापू?"

हीच ती जागा होती. मी सगळं ठरवून आलो होतो. सून विळी घेऊन उभी होती, शेजारची एक बाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "ढाणकीच्या बाजारातून आणलं."

"ढाणकीत कोनाचा तरी हात गोड हाय मंग," ती म्हणाली.

शेजारची बाई म्हणाली, "याडी, तुह्या हाताचंबी असंच निघत होतं पह्यले."

"पह्यले," म्हातारी म्हणाली आणि दुसरी फाक उचलली. बिया तिने थुंकल्या नाहीत. तळहातावर जमवल्या, लुगड्याला पुसल्या, आणि सुनेला विचारलं, "शेन हाय का ताजं?" सून हसली. म्हणाली, "कुठी थापता? रंगावर?" म्हातारीही हसली. मग त्या बिया तिने माझ्या हातात दिल्या. "ने. तुह्या बरनीत ठेव. लिहून ठेव, ढाणकीचं म्हनून."

त्या बिया मी आणल्या. ढाणकीचं असं लिहिलं नाही. माझ्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीवर, दाराच्या वर, शेणात थापून ठेवल्या आहेत. बाकीचं बी बरणीत आहे. शिसपेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी बाहेर आहे, तशीच आत आहे: याडीचं गोड वाळूक, दारावरचं, आणि साल. त्या बरणीवरची जुनी, कडू लिहिलेली चिठ्ठी मी फाडलेली नाही. ती खोडून त्याच बरणीत ठेवली आहे.

बी परत द्यायचं ते देऊन होईल, ते अवघड नाही. पेरणीला अजून वेळ आहे. तांड्यातल्या बायका जमतील तेव्हा त्यांच्यासमोर मला म्हणायचं आहे की वाळूक कडू झालं ते माझ्या चिठ्ठीने, हिच्या हाताने नाही, आणि पहिली मूठ हिलाच सोडू द्या. हे मी अजून म्हटलेलं नाही. एवढं मी तिला देणं लागतो.